कॅलिपर वाइंड-बॅक किट: मागचे ब्रेक पॅड घरी बदलायचे असतील तर घ्यावं का?

पुढचे ब्रेक पॅड घरच्या घरी बदलणारे कोल्हापुरात कमी नाहीत. जॅक, गोटी पाना आणि एक जी-क्लॅम्प एवढ्यावर ते काम उरकतं. तीच मंडळी मागच्या चाकाला हात घालतात आणि कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिस्टनपाशी येऊन अडतात. नवे जाड पॅड बसवायला पिस्टन आत ढकलावा लागतो, पण क्लॅम्प कितीही आवळला तरी तो आत सरकत नाही, आणि आणखी जोर लावला तर कॅलिपरच्या आतली यंत्रणाच मोडते.

या एका अडचणीसाठी जे हत्यार मिळतं ते म्हणजे कॅलिपर वाइंड-बॅक किट. प्लास्टिकच्या लाल नाहीतर काळ्या पेटीत वीस-बावीस नग येतात. ऑनलाइन वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, आतला माल जवळपास एकच. हा रिव्ह्यू त्या किटचा आहे, आणि ओघाने पॅडचा नि पूर्ण कामाचाही, कारण नुसतं किट चांगलं असून भागत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. ज्या गाडीला हे किट लागतं तिच्यासाठी ते पैसा वसूल आहे, आणि ते हाताशी नसेल तर काम सुरूच करू नये. ज्या गाडीला लागत नाही तिच्यासाठी ते माळ्यावर पडून राहील. म्हणून ऑर्डर देण्याआधी मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला बॅटरी मारून बघा.

हँडब्रेकची केबल थेट कॅलिपरवरच्या छोट्या लिव्हरला येऊन जोडलेली दिसली, तर किट लागणारच. लॉरा, ऑक्टाव्हिया, जेट्टा यांची ओढायच्या हँडब्रेकची मॉडेल्स याच जातीची. केबल कॅलिपरकडे न जाता डिस्कच्या मागे हबमध्ये शिरत असेल, तर तिथे हँडब्रेकसाठी वेगळे छोटे ब्रेक शू आहेत. अशा कॅलिपरचा पिस्टन पुढच्यासारखाच सरळ दाबला जातो, साधा जी-क्लॅम्प पुरतो. कॅलिपरच्या पाठीवर वायरचा प्लग असलेली मोटर दिसली, तर हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक आहे. तिथे स्कॅनरने किंवा गाडीच्या मॅन्युअलमधल्या पद्धतीने सर्व्हिस मोड चालू करून मोटर मागे घेतल्याशिवाय पिस्टनला हात लावायचा नाही. लावलात तर मोटरचे गिअर जातात आणि तो खर्च पॅडच्या कितीतरी पट होतो. आणि स्विफ्ट, वॅगन आर, टियागोसारख्या गाड्यांना मागे ड्रमच असतात, त्यांचा या किटशी संबंध नाही.

आता पिस्टन फिरवावा का लागतो, ते समजून घेतलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. अशा कॅलिपरमध्ये एकाच पिस्टनकडे दोन कामं असतात. पायाचा ब्रेक दाबला की ऑइलचा दाब त्याला बाहेर ढकलतो. हँडब्रेक ओढला की लिव्हर आतला शाफ्ट फिरवतो आणि एक आट्यांचा रॉड पिस्टनला मागून रेटतो. पॅड झिजत जातात तसा पिस्टन या रॉडच्या आट्यांवर पुढे पुढे सरकत राहतो, म्हणून हँडब्रेकची ओढ वर्षभर सारखी राहते. म्हणजे पिस्टन आट्यांवर बसलेला आहे. त्याला मागे न्यायचं तर दाबत दाबत फिरवावं लागतं. नुसता दाबला तर जोर त्या आट्यांवर आणि आतल्या अ‍ॅडजस्टरवर येतो. नुसता फिरवला तर तो बऱ्याचदा जागच्या जागी गरगर फिरत राहतो.

किट नेमकं हेच करतं. एका बाजूला जाड आट्यांचा स्क्रू, त्याच्या टोकाला दोन पिनांचा अडॅप्टर, मागे कॅलिपरच्या पंजाला (बाहेरच्या पॅडला दाबणाऱ्या बोटांना) टेकणारी प्लेट. हँडल फिरवलं की अडॅप्टर पिस्टनला फिरवतोही आणि रेटतोही. पेटीत दोन स्क्रू असतात, एक उजव्या आट्यांचा आणि एक डाव्या. बहुतेक गाड्यांत दोन्ही बाजूंचे पिस्टन उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर आत जातात. काही गाड्यांत एका बाजूचा पिस्टन उलटा फिरतो. तिथे उजव्या आट्यांचा स्क्रू उलटा फिरवला तर तो स्वतःच मागे येतो, दाब सुटतो. म्हणून डावा स्क्रू वेगळा. किट घेताना दोन स्क्रूचंच घ्या. एका स्क्रूची पेटी चार-पाचशेने स्वस्त दिसते, पण ज्या दिवशी डाव्या आट्यांचा पिस्टन समोर येईल त्या दिवशी ती निरुपयोगी.

किट हातात आल्यावर गाडीकडे जाण्याआधी ते तपासा. स्क्रू बॉडीमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरला पाहिजे. मध्ये कुठे अडकत असेल तर आट्यांत मुलाम्याचे कण किंवा कीस आहे. तारेच्या ब्रशने साफ करा आणि ग्रीस लावा, कारण पेटीतून तो जवळजवळ कोरडा येतो. कोरड्यावर जोर दिला तर आटे एकमेकांना चावतात आणि मग किट संपलंच. अडॅप्टरच्या पिना सारख्या उंचीच्या आहेत का, ते काचेवर उपडा ठेवून बघा. डुगडुगला तर परत पाठवा. अडॅप्टर स्क्रूला धरून ठेवणारं चुंबक या किटमध्ये सरसकट अशक्त असतं. खाली वाकून काम करताना अडॅप्टर पुन्हा पुन्हा गळून पडतो, ते त्रासाचं आहे, पण त्याने काम बिघडत नाही. मागे बोटभर ग्रीस लावलं की तो चिकटून राहतो.

सोबतचा गाड्यांचा तक्ता बाजूला ठेवा. त्यात बहुतेक युरोपात विकल्या जाणाऱ्या मॉडेलांची नावं असतात, आपल्याकडची गाडी सापडेलच असं नाही. अडॅप्टर सरळ पिस्टनच्या तोंडावर धरून बघायचा. दोन्ही पिना खाचेत पूर्ण बसल्या पाहिजेत आणि अडॅप्टरचा सपाट भाग पिस्टनच्या कडेला टेकला पाहिजे. अर्धवट बसलेला अडॅप्टर जोर आला की निसटतो आणि पिस्टनच्या खाचेचे कोपरे खातो. एकदा ते कोपरे गोल झाले की पुढच्या वेळी कुठलंच किट चालत नाही.

एकही अडॅप्टर बसत नसेल, तर कोल्हापुरात राहण्याचा फायदा इथे आहे. पिस्टनवरच्या दोन खाचांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, खाचेची रुंदी आणि खोली व्हर्नियरने मोजा आणि किटमधला एक अडॅप्टर नमुना म्हणून घेऊन शिवाजी उद्यमनगरात जा. लोखंडाच्या गोल तुकड्यात दोन भोकं आणि त्यात ठोकून बसवलेल्या दोन कडक पिना, एवढंच काम आहे, लेथवाल्याच्या दृष्टीने किरकोळ. मधलं भोक मात्र नमुन्याच्या मापाचंच करून घ्या, नाहीतर स्क्रू त्यात बसणार नाही. असा बनवलेला अडॅप्टर पेटीतल्यापेक्षा टिकाऊ निघतो, कारण पेटीतल्या पिना मऊ असतात.

स्वस्तातला पर्याय म्हणून एक चौकोनी ठोकळा मिळतो, लुडोच्या फाशासारखा, बाजूंना वेगवेगळ्या पिना आणि मध्ये रॅचेट लावायला चौकोनी भोक. तो घेऊ नका. तो फिरवतो पण दाबत नाही, दाबायचं काम तुमच्या मनगटाला करावं लागतं, आणि जाम पिस्टनवर तो हमखास निसटतो. ग्राइंडरची दोन पिनांची चावी वापरणारेही आहेत. पिस्टन सैल असेल तर तिने जमतं, पण मागच्या कॅलिपरचा पिस्टन सैल असण्याच्या भरवशावर रविवारचं काम काढण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. मागच्या ब्रेकचं काम करताना हँडब्रेक सोडलेला असावा लागतो, आणि हीच सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. गाडी सपाट जागेवर, पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पी वर, आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी उटी. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे. जॅकने उचलून लगेच घोडीवर, म्हणजे अ‍ॅक्सल स्टँडवर, ठेवायची. जॅकवर टांगलेल्या गाडीत हात घालायचा नाही, आणि घोडीच्या जागी विटा किंवा जांभा दगड तर नाहीच, ते न सांगता फुटतात. अंगणात शहाबादी फरशी असेल तर घोडीखाली जाड प्लायवूड घाला.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्याकडे बघा. पिस्टन आत गेला की ऑइल वर चढतं. पातळी कमाल खुणेपाशी असेल तर आधीच सिरिंजने थोडं काढून ठेवा. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू नमुन्याला राहते: क्लिपा कशा बसतात, झिजल्यावर आवाज करणारी पत्ती असलेला पॅड कुठल्या बाजूला येतो, ते तिच्याकडे बघून जुळवता येतं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिनांचे बोल्ट सोडताना पिन सोबत फिरते. तिच्या सपाट बाजूवर पातळ फिक्स पाना धरावा लागतो. लॉरा-ऑक्टाव्हियाच्या कॅलिपरवर बोल्टचं डोकं १३ चं आणि पिनेला १५ चा पाना. जाड पाना तिथे शिरतच नाही, म्हणून पातळ पाना आधीच आणून ठेवा. सुटलेला कॅलिपर ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका. तारेने सस्पेंशनच्या स्प्रिंगला बांधा.

किट लावण्याआधी शेवटची पाहणी लिव्हरची. हँडब्रेक सोडलेला असताना लिव्हर कॅलिपरवरच्या आपल्या थांब्याला टेकलेला पाहिजे. टेकत नसेल तर केबल जास्त ताणलेली आहे किंवा लिव्हरचा शाफ्ट गंजून जाम झालाय. अशा स्थितीत किट कितीही फिरवा, पिस्टन पूर्ण आत जात नाही आणि लोक दोष किटला देतात. केबल आधी आत हँडब्रेकपाशी ढिली करा. शाफ्ट जाम असेल तर पॅड बदलून काही साधणार नाही, कॅलिपरचं काम करावं लागेल. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात उभी राहिलेली गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे हमखास बघा.

पिस्टनच्या रबरी बुटाच्या (धूळ-पाणी अडवणाऱ्या आवरणाच्या) कडेला किंचित सिलिकॉन ग्रीस लावा. पिस्टन फिरताना बूट त्याला चिकटून पिळला जातो, आणि पिळलेला बूट लवकरच फाटतो. प्लेट कॅलिपरच्या पंजाला सपाट टेकवा, अडॅप्टर खाचेत बसवा, स्क्रू हाताने आवळा आणि मग सावकाश फिरवा. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात पिस्टनकडे नीट बघा. आत जातोय तर ठीक. बाहेर येताना दिसला तर थांबा आणि दुसरा स्क्रू लावा. चांगल्या स्थितीतला पिस्टन एका हाताच्या जोराने एका लयीत आत जातो. हँडलला पाइप घालून ताकद लावावी असं वाटलं, तर चूक दुसरीकडेच आहे.

पिस्टन आत गेल्यावर एक बारकावा हुकतो आणि पुढे महागात पडतो. जपानी आणि कोरियन घडणीच्या बऱ्याच कॅलिपरमध्ये आतल्या पॅडच्या पाठीवर एक छोटा उंचवटा असतो आणि तो पिस्टनच्या खाचेत बसायचा असतो. पिस्टन थांबवताना खाच त्या उंचवट्यासमोर येईल अशी वळवून ठेवा. तसं न केलं तर पॅड तिरपा बसतो, एका टोकाला जास्त झिजतो आणि चाक तापतं.

गाइड पिना पूर्ण बाहेर काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून परत घाला. वरची आणि खालची पिन बऱ्याचदा वेगळी असते, अदलाबदल करू नका. चेसिसला वापरायचं साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन अडकते. जुने पॅड टाकण्याआधी शेजारी शेजारी ठेवून बघा, ते कॅलिपरची तब्येत सांगतात. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच पातळ झाला असेल तर पिना अडकल्यात किंवा पिस्टन मागे येत नाहीये. एकच पॅड पाचरीसारखा झिजला असेल तर दोनपैकी एक पिन जाम आहे. पावसाळ्यात गगनबावड्याकडून करूळ घाट किंवा आंबा घाट उतरून कोकणात जाणाऱ्या गाड्यांना लाल चिखल आणि पाणी सतत लागतं. फाटक्या बुटातून ते आत गेलं की पिना गंजतात. गणपती ते दसरा या दिवसांत ही तपासणी केलेली बरी.

पॅडच्या खरेदीबद्दल आमचं मत ठाम आहे. मॉडेलचं नाव सांगून पॅड घेऊ नका, चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. एकाच मॉडेलला वर्षागणिक वेगळे कॅलिपर लागलेले असू शकतात. कंपनीचे पॅड महाग, पण बसतात नीट. बॉश, टीआरडब्ल्यू, ब्रेम्बो यांचेही चांगले बसतात, फक्त पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. दुकानातच जुना पॅड नव्यावर ठेवून आकार आणि कान जुळतात का बघा, लोखंडी पाठीची जाडी व्हर्नियरने पडताळा. नव्या सेटसोबत स्टीलच्या क्लिपा येत नसतील तर वेगळ्या घ्या. क्लिपेखाली गंजाचा थर साठला असेल तो कानशीने काढल्याशिवाय नवा पॅड सैल सरकत नाही. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायला काढावा. २ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा.

डिस्क बिडाची असते आणि तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते. मागची डिस्क मुळातच पातळ, बहुतेक वेळा ९ ते १० मिलिमीटरची. कडेला धार उभी राहिली की लेथवर फेस मारून घ्यायची आपल्याकडे सवय आहे, पण मागच्या डिस्कवर कापायला फारसं काही शिल्लक नसतं. दोन्ही बाजू मारून झाल्यावर कोरलेल्या आकड्याच्या वर व्यवस्थित जाडी राहत असेल तरच मारा. नाहीतर जोडी नवीन घ्या.

जोडताना गाइड पिनचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने आवळा. लॉरा-ऑक्टाव्हियाच्या या कॅलिपरला ३५ न्यूटन-मीटर, आणि बोल्ट नवेच वापरायचे. चाकाचे बोल्ट १२०. नंतर गाडी सुरू करून हलवण्याआधी ब्रेकचं पेडल दहा-पंधरा वेळा पूर्ण दाबा. पहिल्या काही दाबांना ते थेट तळाला जाईल, मग हळूहळू कडक होईल. त्यानंतर हँडब्रेक दहा-बारा वेळा ओढून सोडा, आतला अ‍ॅडजस्टर आपली जागा धरतो. केबल आवळायची ती त्यानंतर, आणि तेही लिव्हर थांब्याला टेकलेला राहील इतकीच. हँडब्रेक वर येतोय म्हणून आधीच केबल ताणली, तर अ‍ॅडजस्टर कामच करत नाही.

किटची किंमत साधारण पंधराशे ते अडीच हजारांच्या आसपास, विक्रेत्यावर आणि सवलतीवर अवलंबून. लक्ष्मीपुरी किंवा उद्यमनगरातल्या हत्यारांच्या दुकानांत विचारून बघा. मागवून देत असतील तर तिथूनच घ्या, कारण स्क्रूचे आटे हाताने फिरवून बघायला मिळतात. सोबत सिलिकॉन ग्रीसची ट्यूब, ब्रेक क्लीनरचा डबा, तारेचा ब्रश आणि मास्क घ्या. पॅडची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही, क्लीनरने ओली करून फडक्याने पुसायची.

पॅड बसवल्यावर सकाळच्या मोकळ्या वेळी रिंगरोडसारख्या सपाट रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, पूर्ण न थांबता, मध्ये एखाद-दोन मिनिटं गाडी नुसती पळू देत. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट टाळा. पंधरा-वीस किलोमीटरच्या फेरीनंतर दोन्ही मागच्या रिमजवळ हाताचा तळवा धरून बघा, टेकवू नका. दोन्हीकडे सारखी ऊब असेल तर काम झालं. एकच बाजू धगधगत असेल तर त्या बाजूचं चाक पुन्हा काढा: आधी लिव्हर थांब्याला टेकलाय का, मग पिना हाताने सरकतात का, मग पॅडचा उंचवटा खाचेत आहे का, याच क्रमाने बघा.